शार्क, सावकार आणि खुशखरेदी

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. जिवंत शार्क मासा डोळ्यांनी पाहिलेला माणूस दहा गावांत शोधला तर एखादा सापडेल. तरीही हा शब्द आता गावात चांगलाच रुळला आहे. टीव्हीवर नवउद्योजकांना पैसे देणारे 'शार्क' कॉलेजच्या पोरांना पाठ आहेत. मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या लबाडांना वर्तमानपत्रे 'लोन शार्क' म्हणतात. तालुक्याच्या गावी शोभेच्या माशांच्या दुकानात काचेच्या पेटीत एक मासा 'शार्क' म्हणून विकला जातो, आणि तोच मासा शेततळ्यात सोडायचा म्हटले की शेतकरी बिचकतो.

एकाच शब्दाने मासाही ओळखायचा, गुंतवणूकदारही ओळखायचा आणि लुटारूही ओळखायचा, म्हणजे घोळ होणारच. शब्दाच्या घोळात माणूस फसतो, आणि पैशाच्या व्यवहारात असा घोळ झाला की जमीन जाते. म्हणून आज या शब्दाची जरा झाडाझडती घेऊ.

मासा कोणता, नाव कोणाचे?

आधी माशाला न्याय देऊ. कोकणात शार्कला मुशी म्हणतात, कुठे मोरी म्हणतात. मालवणकडे मोरीचे मटण आवडीने खातात. तिथल्या माणसाला शार्क म्हणजे भीती नाही, कालवण आहे. जगात शार्कच्या सुमारे पाचशे जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक माणसाच्या वाटेला जात नाहीत. साऱ्या जगात शार्कच्या हल्ल्याने वर्षाला मरणारी माणसे साधारणपणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. याउलट आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे रात्री बॅटरी न घेता पाणी धरायला जाणे हे शार्कच्या समुद्रात पोहण्यापेक्षा किती तरी धोक्याचे!

सगळ्यात मोठा शार्क म्हणजे व्हेल शार्क. तो तोंड उघडून पाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालून सरकारने त्याला संरक्षण दिले. परदेशात सूप करण्यासाठी शार्कचे पर कापून नेत, म्हणून त्या परांची निर्यात २०१५ मध्ये बंद केली. थोडक्यात, माणसाने शार्कला जेवढे खाल्ले तेवढे शार्कने माणसाला खाल्लेले नाही.

आता शेततळेवाल्यांसाठी दोन शब्द. दुकानातला तो 'शार्क' शार्क नव्हेच. तो पंगस. मांगुरासारख्या मिशीवाल्या माशांच्या कुळातला, गोड्या पाण्यातला. अंगाची ठेवण आणि पाठीवरचा पर पाहून व्यापाऱ्यांनी त्याला शार्कचे नाव चिकटवले. तळ्यात हात घातला तर तो बोट तोडणार नाही. मात्र तो परदेशी मासा आहे. परवानगी, बियाण्याचे बिल आणि बांधाला जाळी या तीन गोष्टी पाहिजेत, आणि पावसाळ्यात तो ओढ्या-नदीत जाता कामा नये. नावाला भिऊ नका, नियम पाळा.

शब्द माणसाला कसा चिकटला?

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला. त्याचे मूळ कोणते याबद्दल पंडितांत एकमत नाही. काहींचे म्हणणे असे की जर्मन भाषेत बदमाशाला 'शुर्के' म्हणतात, तिथून तो आधी लबाड माणसासाठी आला आणि मग माशाला लावला गेला. हे खरे धरले तर माशामुळे माणूस बदनाम झालेला नाही, माणसामुळे मासा बदनाम झाला आहे. पत्त्यात फसवणाराही शार्क, वकिलीत लुबाडणाराही शार्क, असा तो पुढे पसरत गेला.

त्यातला 'लोन शार्क' हा प्रकार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजला. शहरातले कारकून, कामगार, रेल्वेचे नोकर महिनाअखेरीला अडत. त्यांना पगारावर पैसे देणारी दुकाने निघाली. व्याजाच्या मर्यादेचा कायदा होताच. मग त्या लोकांनी युक्ती काढली. आम्ही कर्ज देत नाही, तुमचा पुढचा पगार विकत घेतो, असे कागदावर लिहून घ्यायचे. खरेदी म्हटली की व्याज आले नाही, आणि व्याज नाही म्हणजे कायदा लागू नाही! शेवटी १९१६ साली तिकडे छोट्या कर्जांसाठी नमुना कायदा तयार झाला. तीनशे डॉलरपर्यंतच्या कर्जावर महिना साडेतीन टक्के ही कमाल मर्यादा, आणि देणाऱ्याला परवाना सक्तीचा. दर कमी नव्हता, पण उघड होता.

हा 'खरेदी' शब्द लक्षात ठेवा. तो आपल्या बांधावरही भेटणार आहे.

तिकडे शार्क, इकडे साव

आता आपल्या भाषेकडे बघा. साव म्हणजे सचोटीचा माणूस, चोराच्या उलट. 'सावपणाचा आव आणतो' असे आपण म्हणतोच. साधू, साहू, साव असा हा शब्द आला आणि त्यातूनच सावकार झाला. म्हणजे शब्दाच्या मुळाशी अब्रू आहे. एके काळी गावाला बी-भरणाला, लग्नकार्याला पैसा पुरवणारा तोच होता, आणि त्यात भले लोकही होते.

अडचण पुढे झाली. इंग्रजीत रीतसर पैसे देणारा वेगळा आणि लोन शार्क वेगळा. आपल्याकडे परवाना घेऊन, पावती देऊन, ठरल्या दराने व्यवहार करणाराही सावकार, आणि कोऱ्या स्टँपवर अंगठा घेणाराही सावकारच. सरकारी कागदात दुसऱ्याला 'अवैध सावकार' म्हणतात, पण चावडीवर हा शब्द कोण बोलतो? तिथे तो शेठ असतो, आबा असतो, अण्णा असतो. वेळेला धावून येणारा असतो. लुटणाऱ्यासाठी आपल्या बोलीत वेगळा शब्द नाही, त्यामुळे लुटीलाही नाव राहिलेले नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या भाषेने बरोबर पकडली आहे. आपण कर्जाला जनावराची उपमा कमी देतो, 'सावकारी पाश' म्हणतो. शार्क एकदाच चावतो आणि रक्त लगेच दिसते. पाश मात्र पहिल्या दिवशी सैलच असतो आणि दर हंगामाला एकेक वेढा आवळतो. भीती घालण्यापुरता शार्क शब्द ठीक आहे, पण खरे काय घडते ते पाश या शब्दात जास्त कळते.

कागद जाळले, मग कायदा आला

हे दुखणे नवे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे-नगरच्या कितीतरी गावांत पसरला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली होती, सारा वाढला होता आणि देणे थकले होते. लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू हा कागद आहे, हे त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या कुणब्याने नेमके ओळखले होते.

त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. न्यायालयाने केवळ रोख्यावरचा आकडा पाहून निकाल देऊ नये, व्यवहार मुळापासून तपासावा, हे त्यातले महत्त्वाचे तत्त्व. कागद काय म्हणतो यापेक्षा प्रत्यक्षात काय घडले ते बघा, असा त्याचा अर्थ.

त्या दंग्यातला एक धडा आजही घ्यावा. तेव्हा राग जातीवर आणि परगावच्या माणसावर निघाला. आज अवैध धंदा करणारा बाहेरचाच असतो असे नाही. तो आपल्या भावकीतला, निविष्ठांच्या दुकानाचा, पगारदार, अगदी पुढारीही असू शकतो. म्हणून शार्क ओळखायचा तो आडनावावरून नव्हे, व्यवहारावरून.

टक्का महिन्याचा की सालाचा?

व्यवहार ओळखायची पहिली खूण म्हणजे टक्का. गावात म्हणतात, "पाच टक्क्यानं उचललं." बँकेचा साहेब म्हणतो, "सात टक्के." ऐकणाऱ्याला पाच स्वस्त वाटतात. पण गावातले पाच महिन्याचे आणि बँकेचे सात सालाचे. शब्द एकच, फरक जवळजवळ नऊ पटीचा.

पन्नास हजार रुपयांचा हिशेब मांडू. शेकडा पाच दरमहाने महिन्याला अडीच हजार, सालाला तीस हजार. वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे होते आणि मुद्दल जागेवरच. पीक कर्जाच्या सात टक्क्यांनी सालाचे साडेतीन हजार. वेळेत भरले तर केंद्राची तीन टक्के सवलत धरून दोन हजार. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्यावर येते.

आणि परवानाधारक सावकार? २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली त्याच वर्षी सरकारने दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर सालाला ९ टक्के, बिनतारण १२ टक्के. शेतीखेरीज इतर कर्जाला तारणावर १५ आणि बिनतारण १८. म्हणजे त्याच पन्नास हजारांना तारण असेल तर साडेचार हजार, नसेल तर सहा हजार. चक्रवाढ लावता येत नाही. दामदुपटीचे जुने तत्त्वही आहे, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तीस हजार आणि साडेचार हजार यांच्यामधली जी दरी आहे, तिथेच आपला शार्क राहतो.

खुशखरेदीतली खुशी

दुसरी खूण जास्त घातक आहे. कर्ज देताना गहाणखत करत नाहीत, खरेदीखत करतात. "नावापुरतं आहे, पैसे दिलेस की परत फिरवून देतो," असे तोंडी सांगतात. कागदावर मात्र 'कायम खुशखरेदीखत' असते. खुशखरेदी म्हणजे स्वखुशीने दिलेली विक्री. पोरीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी दुय्यम निबंधकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाची खुशी काय असते, हे सांगायला नको. अमेरिकेत पगाराची खरेदी, इकडे जमिनीची खरेदी. शंभर वर्षांचे अंतर, पण युक्ती एकच: कर्ज हा शब्दच कागदावर येऊ द्यायचा नाही.

यावर २०१४ च्या कायद्यात उपाय आहे आणि तो गावोगाव माहीत व्हायला हवा. कलम १८ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारातून खरेदी, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य मार्गाने सावकाराच्या ताब्यात गेलेली स्थावर मालमत्ता कर्जदाराला परत मिळू शकते. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. ते चौकशी करतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि व्यवहार सावकारीचाच होता अशी खात्री झाली तर ते खत रद्द ठरवून ताबा परत देण्याचा आदेश देऊ शकतात. या अर्जाला मुदतीचे बंधन आहे, म्हणून "बघू पुढच्या साली" करू नका. विनापरवाना सावकारीला कलम ३९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

पुरावा काय, असे लोक विचारतात. पैसे खात्यावर आले असतील तर बँकेचा उतारा, हप्ते दिल्याच्या नोंदी, मोबाईलवरचे निरोप, साक्षीदार. खरेदी होऊनही जमीन तुम्हीच कसत असाल तर पीक पाहणीची नोंद. खतात दाखवलेली किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी असेल तर तेही बोलके असते. कागद जपून ठेवण्याची सवय इथे उपयोगी पडते.

टीव्हीवरचा आणि मोबाईलमधला

टीव्हीवरचे शार्क हे वेगळे प्रकरण आहे. या कार्यक्रमाचा मूळ अवतार जपानचा, २००१ चा. तिथे पैसेवाले 'वाघ' होते. इंग्लंडात ते 'ड्रॅगन' झाले आणि अमेरिकेत २००९ मध्ये 'शार्क'. आपल्याकडे तो २०२१ च्या डिसेंबरात आला. ही मंडळी कर्ज देण्यापेक्षा धंद्यात हिस्सा घेतात. पहिल्याच पर्वात मालेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराने फवारणीची हातगाडी नेली होती. त्याला चाळीस टक्के हिश्श्यासाठी दहा लाख आणि वर वीस लाख बिनव्याजी कर्ज, असा सौदा तिथे झाला.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा वाट्याचा व्यवहार. अर्धलीने रान लावतो तसा. पीक बुडाले तर वाटेकरीही बुडतो. सावकाराचे तसे नाही, तुमचे बुडाले तरी त्याचा महिना चालूच. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी हा फरक नीट समजून घ्यावा. मात्र दहा लाखांत चाळीस टक्के म्हणजे सगळ्या धंद्याची किंमत पंचवीस लाख ठरली, हे गणितही सहीआधी मांडावे.

मोबाईलमधला शार्क मात्र खराच शार्क. दहा मिनिटांत पैसे, सात दिवसांत दुप्पट मागणी, आणि दिले नाहीत तर फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामी. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरात डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्ज देणारी नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था कोणती ते सांगितले पाहिजे, पैसे तिच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत, सालाचा एकूण खर्च टक्केवारीत आधी दाखवला पाहिजे. फोनमधले नंबर आणि फोटो मागणारे ॲप दिसले की ते तिथेच काढून टाकावे. धमकी आली तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

दोष एकट्या शार्कचा नाही

"भाऊसाहेब, तुम्ही कायदा सांगता, पण रात्री अकराला बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला बँक उघडी असते का?" हा प्रश्न आम्हा विस्तारवाल्यांना नेहमी ऐकावा लागतो आणि तो रास्त आहे. बँक कागद मागते, हेलपाटे घालायला लावते. जुने थकले की नवे मिळत नाही. जमीन आजोबाच्या नावावर असेल तर नातू कर्जदार होत नाही. सावकार मात्र चेहरा पाहून देतो. म्हणून नुसती धाड घालून हा धंदा बंद होणार नाही. ओहोटीच्या पाण्यात मोठा मासा शिरत नाही. रीतसर पैशाची भरती गावापर्यंत आली तर सावकाराची खोल जागा आपोआप कमी होईल.

१ जानेवारी २०२५ पासून शेती कर्जाची बिनतारण मर्यादा दोन लाखांपर्यंत वाढली आहे. ही गोष्ट किती शाखांमध्ये पाटीवर लिहिली आहे, हे एकदा बघावे. बचत गटांचा अंतर्गत कर्ज व्यवहार ही तर आपल्या घरातलीच बँक. आजारपणाचे पाच-दहा हजार तिथून निघाले तर रात्रीचा दरवाजा ठोठवावा लागत नाही.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेब यांना हात जोडून विनंती आहे. तालुक्यातल्या परवानाधारक सावकारांची यादी सहाय्यक निबंधक कार्यालयातून मागवा आणि चावडीवर लावा, शेजारी सरकारने ठरवलेले दर मोठ्या अक्षरांत लिहा. ज्याचे नाव यादीत नाही तो सावकार नव्हे, एवढे एक वाक्य ग्रामसभेत वाचून दाखवा. फेरफाराची नोटीस निघाली आणि विकणारा म्हणाला की "हे व्याजाचं आहे", तर त्याला गप्प बसवू नका. त्याची हरकत लेखी घ्या आणि उपनिबंधकाकडे जायची वाट दाखवा. वारसाच्या नोंदी वेळेत करा, म्हणजे कसणाऱ्या माणसाला बँकेचे दार उघडेल.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, पैसे घेताना तीन प्रश्न तोंडावर विचारा. टक्का महिन्याचा की सालाचा? पावती देणार का? कागदावर कर्ज लिहिणार की खरेदी? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसून "विश्वास नाही का आपल्यावर?" म्हणाला, तर तिथून उठा. कोऱ्या कागदावर सही नाही, कोऱ्या चेकवर नाही, स्टँपवर तर नाहीच. घरातल्या बाईमाणसाला विचारल्याशिवाय खतावर अंगठा नाही, असाही नियम करा. हिशेब त्यांना पक्का कळतो.

शार्क हा शब्द आपला नाही, आणि तो आणून फार काही साधेल असेही नाही. त्या बिचाऱ्या माशाचे नाव माशालाच राहू द्या. पण परवाना, पावती आणि दर यांपैकी काहीच नसलेल्या माणसाला 'सावकार' म्हणणे तरी आपण थांबवू या. कायद्याने त्याला दिलेले नाव 'अवैध' आहे. ते नाव ग्रामसभेच्या इतिवृत्तात, अर्जात आणि पारावरच्या बोलण्यात यायला लागले की पुढचा अर्ज लिहायला माणसाचा हात थरथरणार नाही. खरीप तोंडावर आला की उचलीचे दिवस सुरू होतात. त्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय अजेंड्यावर घ्यावा.